पाय धुणारी मैत्री

उद्या उत्तम शुक्रवार. मन परतवाड्याजवळच्या कोठाऱ्यात, लेप्रसी मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कुष्ठरुग्णालयात गेलंय. 1940 च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत कुष्ठरोगावर चालमोगऱ्याच्या तेलापलीकडे फारसं औषध नव्हतं. रुग्णाला पाहून घरचेही दार लावून घेत. तरी अशा रुग्णांजवळ बसून कुणीतरी जखमा धुतल्या. 1946 मध्ये अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारलं. ते ख्रिस्ती नव्हते, पण निष्ठा तीच.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्यांना मित्र म्हटलं. मित्रासाठी मरण पत्करणं एकदाच घडतं. त्याच्यासाठी रोज आपली भीती, किळस, आराम बाजूला ठेवणं, हेही जीव ओवाळून टाकणंच आहे. प्रभो, अशी मैत्री निभावायचं बळ दे.