परतीची वाट

मोटार बंद पडली की तिच्या रोगाची माहिती मालकापेक्षा बघ्यांनाच अधिक असते. आमच्या अकोले तालुक्यात अशा धन्वंतरींना तोटा नाही. त्यातून मोटार जुनी, ठेंगणी, दोनच माणसांची विलायती स्पोर्ट्‌स कार असेल, तर विचारायलाच नको!

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका स्नेह्यांबरोबर मी अशाच मोटारीतून भंडारदऱ्याहून अकोल्यास येत होतो. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांची. ‘या खेपेस रुसली तर सरळ भंगारात!’ असा पण करूनच गृहस्थ निघालेले. आणि राजूरच्या अलीकडे ती रुसलीच.

अशा मोटारींत पेट्रोल पुढे धाडायला विजेचा पंप असतो. इंग्लंडात ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेल्या एम.जी.बी. मोटारींत एस.यू. जातीचा असा पंप मागच्या बाजूस बसवीत. किल्ली फिरवली की तारेच्या वेटोळ्यात वीज खेळते, पडदा ओढला जातो, पेट्रोल आत येते. लगेच आतले पॉइंट अलग होऊन वीज तुटते आणि स्प्रिंग पडद्याला ढकलून पेट्रोल कार्ब्युरेटरकडे धाडते. हीच पंपाची टिकटिक. कार्ब्युरेटर भरला की ती थांबते. ती भरभर चालून थांबेचना, तर टाकी रिकामी किंवा नळीत हवा शिरलेली. टिकटिक मुळीच नसेल, तर वीज कुठेतरी अडलेली.

आमचा पंप मुका होता. वास्तविक तो नवाकोरा. जुना बदलून चारच दिवस झाले होते.

राजूरहून आलेला कारागीर माझा जुना विद्यार्थी निघाला. शाळेत सारे त्याला ‘ढ’ म्हणत. ‘गुरुजी, कुणाला विडी ओढू देऊ नका,’ असे बजावून त्याने दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा दिवा काढला. एक तार पंपाच्या विजेच्या टोकाला, दुसरी मोटारीच्या सांगाड्याला. दिवा लागला. मग दुसरी तार त्याने पंपाच्या अंगाला टेकवली. दिवा लागेना.

तो हसला. ‘वीज येतीय, गुरुजी. पण तिला माघारी जायला वाट नाही.’

पंपापासून सांगाड्याला जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेखाली गंजाचा थर साचला होता. पंप बदलताना तो जरासा खरवडला गेला असावा, म्हणून चार दिवसांचा उजेड! त्याने जोड घासून आवळला आणि पंप बोलू लागला. जुना पंप बिचारा निरपराध होता. भंगाराची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

वर्गात प्रश्न विचारताच एखादे पोर मान खाली घालते. प्रश्न त्याला पोचलेला असतो. उत्तरही पुष्कळदा आत तयार असते. पण वाडीवरची बोली ऐकून फिदीफिदी हसणारी बाके, मास्तरांचा चढलेला आवाज, यांचा गंज परतीच्या वाटेवर साचतो. आपण मात्र पोरालाच नादुरुस्त ठरवतो.

दिवाळीची सुट्टी सरेल, शाळा उघडेल. मान खाली घालणारे एखादे पोर असेलच. त्याला ‘ढ’ म्हणण्याआधी, वाचकहो, दिव्याची दुसरी तार जरा हलवून पाहावी.