खुडूक कोंबडी

सासूबाईंना अर्धांगवायू झाला त्याच आठवड्यात कोकणातल्या त्या घरची कोंबडी खुडूक झाली. सुनेने पाटीत तूस पसरून तिच्याखाली ११ अंडी मांडली. घरच्यांना हा नसता उपद्व्याप वाटला. तो तसा नव्हता. खुडूक कोंबडी तहानभूक विसरते, तिचा तुरा फिकटतो; दिवसातून एकदा तिला उचलून दाण्यापाण्यापाशी न्यावे लागते. सासूबाईंना पेजेच्या चमच्याचमच्याला विनवावे लागे. सातव्या रात्री दिव्यासमोर धरलेल्या अंड्यांत तांबड्या शिरांचे जाळे दिसले; दोन वांझ निघाली. कोंबडीचे २१ दिवस मोजता येत होते. सासूबाईंचे किती, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. विसाव्या दिवशी आतून चिवचिवणारे एक अंडे सुनेने त्यांच्या कानाशी धरले. जड जिभेने त्या म्हणाल्या, “ठेव गो परत, निवेल.”