बर्फाखालची नदी कुणाची?

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि टिपणाचा मसुदा, दोन्ही वाचले. सॅमनच्या पिलांच्या हिवाळी आसऱ्याबद्दल लिहिताना भूजलाला शेवटी एक परिच्छेद दिला की पुरे, बाकी सगळा विषय नदीचा आहे, असं तू म्हणतेस. वर ‘तुम्हा भूजलवाल्यांना जिथे तिथे विहीरच दिसते’ हा टोमणाही मारला आहेस. टोमणा मान्य, मत मान्य नाही. माझं म्हणणं असं, की अलास्कात जानेवारीत वाहणारी लहान नदी म्हणजे जवळजवळ सगळं भूजलच असतं. त्यामुळे पिलांनी कुठे जगायचं आणि कुठे मरायचं, हे पात्रापेक्षा आसपासच्या जमिनीखालीच जास्त ठरतं. तसं असेल तर हा विषय टिपणाच्या शेपटाला बांधून चालणार नाही.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. तुझ्या केनाई द्वीपकल्पावर ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर जे पडतं ते बर्फ होऊन जमिनीवरच बसतं. एखादी अवेळी उबदार झुळूक सोडली तर वसंतापर्यंत ओढ्याला वरून काही मिळत नाही. अँकर रिव्हर किंवा डीप क्रीक यांच्यासारख्या नद्यांना तर हिवाळाभर पाणी पुरवणारी हिमनदीही डोक्यावर नाही. तरी बर्फाच्या कवचाखाली पाणी चालूच असतं. ते मागच्या उन्हाळ्यात आणि शरदात टेकड्यांवर, दलदलींत, हिमयुगाने टाकलेल्या वाळू-खडीत मुरलेलं पाणी असतं. आपल्याकडे डिसेंबरानंतर ओढ्यात जे टिकतं त्याला आपण बेसफ्लो म्हणतो. तिथे सगळा हिवाळाच बेसफ्लोचा. आणि हा हिवाळा कोहो जातीच्या सॅमनच्या पिलांना चुकत नाही. पिंक आणि चम जातींची पिलं खडीतून वर आली की लगेच समुद्राची वाट धरतात. कोहोचं पिलू मात्र गोड्या पाण्यात एक, बहुधा दोन, क्वचित तीन हिवाळे काढतं. बोटाएवढा मासा, अंगावर उन्हाळ्यात साठवलेली थोडीशी चरबी आणि पुढे सहा महिन्यांचा अंधार.

या सहा महिन्यांत त्याला मारतं काय? थंडी, असं सरसकट उत्तर दिलं जातं, पण ते अपुरं आहे. सॅमनची पिलं शून्याजवळच्या पाण्यातही तगतात. त्यांना जड जातो तो बर्फ, आणि तोही पृष्ठभागावरचा नव्हे. स्वच्छ, कडाक्याच्या रात्री उघड्या, खळखळत्या प्रवाहातलं पाणी शून्याच्या खाली अंशाच्या काही शतांशांनी उतरतं आणि त्यात बर्फाचे बारीक, चिकट कण तयार होतात. त्यांना फ्रेझिल म्हणतात. पाणी घुसळलेलं असल्यामुळे ते वरून तळापर्यंत सगळीकडे पोचतात आणि भेटेल त्याला चिकटतात. गोट्यांना चिकटून तळाशी बर्फाचा थर धरला की गोट्यांमधल्या फटी बुजतात. याच फटींमध्ये पिलू दिवसभर दडून बसलेलं असतं. पाणी थंड झालं की ही पिलं दिवसा लपतात आणि रात्रीच बाहेर पडतात, कारण गारठलेलं अंग शिकाऱ्याला चुकवण्याइतकं चपळ राहत नाही. सकाळी ऊन लागल्यावर तो तळबर्फ सुटून वर येतो तेव्हा सोबत खडीही उचलतो. म्हणजे रात्री घराचं दार बंद होतं आणि सकाळी घरच उपटून जातं.

आता या पात्रात तळातून एक उमाळा फुटतो आहे असं समज. काही मीटर खोलीवरच्या भूजलाचं तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास राहतं. म्हणून तर आपल्याकडे पौषातल्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं. होमर गावाच्या भागात ही सरासरी सुमारे ३ ते ४ अंश सेल्सियस आहे. अंगावर घ्यायला ते पाणी गारठवणारं, पण फ्रेझिल होण्यासाठी पाणी शून्याखाली जावं लागतं आणि उमाळ्यापाशी ते जातच नाही. तिथल्या फटी उघड्या राहतात आणि पाण्याची पातळीही फारशी हलत नाही. तीन अंशांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. शून्याच्या काठावर मात्र तो पाणी आणि बर्फ यांच्यातला फरक असतो.

अंड्यांचा हिशेब तर याहून बोलका आहे. कोहोच्या अंड्यातून पिलू फुटायला साधारण ४५० ते ५०० अंश-दिवस (पाण्याचे अंश गुणिले दिवस) लागतात. पाणी ४ अंशांवर स्थिर असेल तर १२० दिवसांत ४८० भरतात. ऑक्टोबरच्या अखेरीस घातलेली अंडी फेब्रुवारीच्या अखेरीस फुटतात, आणि पोटाशी असलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत वसंत येतो. तेच पाणी १ अंशावर असेल तर नुसत्या गुणाकाराने सव्वा वर्ष लागेल. (फार थंड पाण्यात अंडी थोड्या कमी हिशेबातही भागवतात, त्यामुळे प्रत्यक्षात एवढा उशीर होत नाही. पण होतो तोही घातक ठरू शकतो.) युकॉन खोऱ्यातल्या चम सॅमनने हा हिशेब पिढ्यान् पिढ्या सांभाळला आहे. उन्हाळी चम लवकर येतात आणि पावसा-बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या उपनद्यांत अंडी घालतात. शरदातले चम उशिरा येतात, आणि टनाना नदीसारख्या वरच्या भागात जिथे तळातून भूजल वर येतं त्या जागा गाठतात. उशिरा येणं त्यांना परवडतं ते त्या पाण्याच्या उबेमुळे. युकॉन खोऱ्यात कोहोची सर्वांत मोठी ज्ञात वीण डेल्टा क्लिअरवॉटर नदीत होते. ही नदी झऱ्यांवर पोसलेली आहे आणि अलास्काच्या अंतर्भागातल्या भीषण थंडीतही ती उघडी राहते. हेन्सजवळच्या चिलकॅट नदीवर शरदाच्या शेवटी हजारोंच्या संख्येने टकले गरुड जमतात, तेही याचसाठी. त्सिर्कू नदीने आणून टाकलेल्या खडीच्या पंख्यात साठलेलं पाणी तिथे पाझरतं, पात्र गोठत नाही आणि उशिरा येणारे चम त्यांना आयते मिळतात. १९८२ मध्ये तिथे गरुडांसाठी राखीव क्षेत्र झालं. नाव गरुडांचं असलं तरी करामत पाझराची आहे.

तुझा पहिला आक्षेप इंजिनिअरला शोभेलसा आहे: पाणी कुठूनही येवो, पात्रात किमान प्रवाह राखला की झालं. हिवाळी प्रवाह महत्त्वाचा आहे यात वाद नाही. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये मिरामिची नदीच्या खोऱ्यातल्या कॅटामरन ब्रूक या ओढ्यावर १९९० पासून अटलांटिक सॅमनचा अभ्यास झाला. ज्या हिवाळ्यांत प्रवाह जास्त, त्या हिवाळ्यांत अंडी आणि पिलं जास्त वाचली, असं तिथे दिसलं. पण ‘कुठूनही येवो’ हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच सुसित्ना नदीवर आहे. १९८० च्या दशकात तिथल्या प्रस्तावित धरणासाठी सविस्तर अभ्यास झाले. चम आणि सॉकाय या सॅमनच्या जातींची वीण मुख्य प्रवाहाशेजारच्या ज्या उपशाखांत होत होती, त्यांपैकी महत्त्वाच्या जागा तळातून येणाऱ्या भूजलावर तगून होत्या. बर्फ साचून मुख्य नदीची पातळी चढली की तिचं शून्य अंशाचं पाणी या शाखांमध्ये शिरतं आणि अंड्यांभोवतालची ऊब जाते. धरण झालं असतं तर हिवाळ्यात वीजनिर्मितीसाठी जास्त पाणी सुटलं असतं आणि ही भीती वाढली असती. मोजपट्टीवर प्रवाह वाढलेला दिसला असता आणि मासा मात्र तोट्यात गेला असता. म्हणून नुसते घनमीटर मोजून हिवाळी आसरा कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: भूजलात प्राणवायू कमी असतो, मग ते अंड्यांना तारक कसं? स्कॉटलंडमधल्या गर्नॉक बर्नवरच्या अभ्यासांनी हे नीट दाखवलं आहे. बराच काळ जमिनीत राहिलेलं, प्राणवायू संपलेलं भूजल जिथे खडीत चढलं, तिथे अटलांटिक सॅमनची अंडी मेली. वरून पाहता तळ उत्तम दिसत होता. भूजल दिसलं की टाळ्या वाजवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा दाखला उशाशी ठेवावा. पण त्यातून तुझं म्हणणं सिद्ध होत नाही. मारणारंही भूजलच आणि तारणारंही भूजलच असेल, तर भूजल ही किरकोळ बाब आहे असं म्हणण्याची सोय उरत नाही. प्रश्न एवढाच राहतो, की पाणी कोणत्या वाटेने आणि किती काळाने वर आलं. सैल खडीतून थोड्या महिन्यांत आलेलं पाणी प्राणवायू राखून असतं. चिकणमातीतून, सेंद्रिय थरांतून रखडत आलेलं पाणी तो गमावून बसतं. त्यातही पोहता येणारं पिलू थोडं सरकून चांगला कोपरा धरू शकतं. अंडं सरकू शकत नाही. टिपणात ‘भूजल चांगलं’ असं लिहू नकोस. कुठलं भूजल, ते लिही.

उबदार पाण्यात पिलाची चरबी लवकर जळते, हेही तू काढलं आहेस. जळतेच. मासा थंड रक्ताचा, पाण्यासोबत त्याचा खर्च वाढतो. पण ३-४ अंशांवर त्याला थोडं खाता येतं, आणि न गोठलेल्या तळात किडेही जिवंत सापडतात. शिवाय बर्फ टाळायला सारखी जागा बदलण्याचा खर्च वाचतो. नफा-तोट्याचा आकडा जागेगणिक वेगळा निघेल. हा मुद्दा मी इथेच सोडतो, कारण अमुक इतकी ऊब चांगली असा नियम यातून काढणं घाईचं होईल.

राहिला समुद्र आणि हवामान. सॅमनचं खरं नुकसान समुद्रात होतं आहे, २०२१ मध्ये युकॉनचे चम कोसळले ते बेरिंग समुद्र तापल्यामुळे, मग ओढ्यांतल्या उमाळ्यांचं काय घेऊन बसलात, हा प्रश्न रास्त आहे. समुद्राचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. पण बेरिंग समुद्राचं तापमान तुझ्या केनाईच्या कचेरीतून उतरवता येत नाही, आणि समुद्राकडे धडधाकट पिलं किती निघतात हे मात्र बरंचसं तिथल्या जमिनीवर ठरतं. हवामान तापल्यावर बर्फाचा त्रासच संपेल, ही आशाही फसवी आहे. १९९५-९६ च्या हिवाळ्यात मिरामिचीच्या खोऱ्यात भर थंडीत पाऊस पडला, पूर आला आणि बर्फ अवेळी फुटला. त्या वर्षी कॅटामरन ब्रूकमध्ये पिलांचं जगणं सर्वांत कमी नोंदलं गेलं. तापणारे हिवाळे असे घाव वाढवण्याचीच शक्यता जास्त. आणि उन्हाळ्याचं काय? ७ जुलै २०१९ रोजी दक्षिण-मध्य अलास्कातल्या डेश्का नदीचं पाणी २७.६ अंशांवर गेलं होतं. अशा दिवशी जानेवारीत उबदार वाटणारा तोच ४ अंशांचा पाझर मासोळीला गारवा देतो. त्याची गरज दोन्ही ऋतूंत वाढतच जाणार आहे.

आता तुझ्या टिपणाच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे हा हिवाळी आसरा जपायचा कसा यावर, येतो. केनाई पेनिन्सुला बरोच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या, नियमात सॅमनच्या पाण्याच्या काठापासून ५० फुटांचा, म्हणजे सुमारे १५ मीटरचा पट्टा जपायचा आहे. काठ ढासळू नये, झाडोरा राहावा, यासाठी तो योग्यच आहे. त्यावर माझी टीका नाही. पण जानेवारीतलं पाणी त्या ५० फुटांत मुरलेलं नसतं. ते मैल-दोन मैलांवरच्या टेकडीवर, कुणाच्या तरी खाजगी प्लॉटवर किंवा पीटच्या दलदलीत मुरलेलं असतं. ती दलदल निचरा करून वाळवली, किंवा पाण्याची वाट असलेल्या थरात खडीची खाण उघडली, तर नदीकाठचं एक झुडूपही न तोडता उमाळा आटवता येतो. नियम शंभर टक्के पाळून नुकसान होऊ शकतं, हे तुझ्या मसुद्यात कुठेच येत नाही. म्हणून प्रत्येक खाण बंद करा, प्रत्येक विहिरीवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. एखाद्या घरापुरत्या विहिरीने नदी आटत नाही आणि माणसांनाही पाणी लागतंच. कोणती टेकडी कोणत्या उमाळ्याला पाजते ते आधी शोधावं आणि मग परवानगीचं बोलावं, एवढंच माझं मागणं आहे. हे अवघडही नाही. कडक थंडीत कुठे पात्र उघडं राहतं ते चालत जाऊन दिसतं, विमानातून उष्णतेची छायाचित्रं घेता येतात, तापमान नोंदणारी छोटी यंत्रं खडीत पुरून ठेवता येतात.

तुझ्या मसुद्याच्या परिशिष्टातल्या सगळ्या नोंदी जून ते सप्टेंबरच्या आहेत. तेव्हा पिलं ओढाभर विखुरलेली असतात आणि सगळाच ओढा चांगला दिसतो. टिपण पुढे पाठवण्याआधी एकदा फेब्रुवारीत जा, तळाचं तापमान आणि विरघळलेला प्राणवायू दोन्ही मोज, आणि भूजलाचा परिच्छेद शेवटून उचलून पहिल्या पानावर घे.

तुझा,
मामा