मातीचा वास

मी मराठीचा एम. ए. विज्ञानाशी माझा संबंध इतकाच, की बेळगावजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी राहिली, की तो तास मुख्याध्यापकाच्या गळ्यात पडतो. गेल्या वर्षी तसाच पडला आणि मागोमाग तालुक्याचे विज्ञान प्रदर्शनही आले.

आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मातीबिगर शेती करता येते काय?" त्याच्या वडिलांनी होती नव्हती ती वीस गुंठे जमीन थोरल्या मुलीच्या लग्नात विकलेली. प्रश्न पुस्तकातला नव्हता. मी वाचायला बसलो. झाडाला मातीपेक्षा मातीतले क्षार लागतात, हे जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी १८६० च्या सुमारास पाण्यात रोपे वाढवून दाखवले होते. त्यासाठी विकतची द्रावणे महाग. म्हणून गांडूळखताचा काढा करायचे ठरले. इंग्रजीत त्याला खताचा चहा म्हणतात.

खतातला बहुतेक नायट्रोजन झाडाला जसाच्या तसा घेता येत नाही. त्यासाठी जिवाणूंच्या तीन पंगती बसाव्या लागतात. पहिली पंगत त्याचा अमोनिया करते, दुसरी नायट्राइट आणि तिसरी नायट्रेट. मग ते झाडाच्या अंगी लागते. शेवटच्या दोन पंगतींना हवा हवीच. म्हणून पाण्यात माशांच्या टाकीचा पंप सोडून बुडबुडे चालू ठेवायचे.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडावा म्हणून पाणी रात्रभर उघडे ठेवले. फडक्यात बांधलेले खत त्यात सोडले. जिवाणूंना खायला चमचाभर गूळ पुरतो असे वाचले होते. पण मी लग्नघरच्या वाढप्यासारखा दोन मुठी टाकायला लावला. एक दिवसाने काढा गाळून टबात ओतला. वर भोके पाडलेला थर्माकोल आणि भोकांतून पालकाची मुळे पाण्यात. पंपाची जबाबदारी त्या मुलाची.

सोमवारी प्रयोगशाळेचे दार उघडले आणि घाण वासाने मागे सरलो. मुळे तपकिरी, बुळबुळीत. पाने माना टाकून पडलेली. प्रदर्शन गुरुवारी. साऱ्या वर्गासमोर मी त्या मुलावर ओरडलो, "पंप बंद केलासच कसा?"

"मी न्हाई केलो, सर," एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

टब रिकामा करताना आमचे शिपाई मामा खाली मान घालून म्हणाले, "सर, शनिवारी मेन स्विच मी बंद केलो. तुमची नोटीस हाय की."

फळ्याशेजारी ती होतीच : 'शाळा सुटताना मेन स्विच बंद करावा.' खाली माझी सही.

गूळही माझाच. जास्तीच्या गुळावर जिवाणू माजले, पाण्यातला प्राणवायू त्यांनी फस्त केला. त्यात पंप थांबला आणि हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंचे फावले. मामांच्या घरी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती घालून जीवामृत करतात. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतात. मी विचारले, "झाले हे कसे ओळखता?" मामा म्हणाले, "मण्णिन वासनि बरबेक्री, सर." आपल्या भागात याचे भाषांतर करावे लागत नाही.

त्या संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो. वडिलांनी लगबगीने खुर्ची पुसून दिली. मी बसलो नाही. चूक माझी होती, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी तेच वर्गासमोर सांगितले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलांपुढे मी हे वाक्य प्रथमच उच्चारत होतो. ते लहान वाक्य. पण फार वेळ लागला. प्रदर्शन हुकलेच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा टब भरला. या खेपेस रोपांची घाई केली नाही. मूठभर खत, थोडा थोडा काढा, अखंड हवा. दोन-तीन आठवडे नुसते पाणीच मुरू दिले. मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेल्या पट्टीवर नायट्रेटचा रंग उमटला, तेव्हाच पालक लावला. पाने आधी पिवळट होती, मग सावरली. पीक काही डोळ्यांत भरण्याजोगे नव्हते. भाजी केली तीही नीट शिजवूनच, कारण अशा काढ्यात पोटाला बाधणारे जिवाणूही असू शकतात.

रोज सकाळी तो मुलगा टबावर वाकून वास घेतो आणि मामांकडे बघून मान हलवतो. मग पुढचे काम.

फळ्याशेजारची नोटीसही बदलली आहे : 'दिवे, पंखे बंद करावेत. मेन स्विच बंद करू नये. टबात रोपे आहेत.' अक्षर त्या मुलाचे. त्याखाली मामांनी तेच कन्नडमध्ये लिहिले आहे. मी फक्त सही केली.