सिएटलची सावकाश मोजणी

५ नोव्हेंबर २०१३, मंगळवार. सिएटल नगर परिषदेच्या एका जागेचे पहिले आकडे रात्री जाहीर झाले: रिचर्ड कॉनलिन ५४ टक्के, क्षमा सावंत ४६ टक्के. कॉनलिन चार वेळा निवडून आलेले, सोळा वर्षं परिषदेत बसलेले. आपल्याकडे एवढ्या आघाडीवर गुलाल उधळून झाला असता. सावंत यांनी हार मान्य केली नाही. मोजायची मतं अजून ढिगानं शिल्लक होती. रोज दुपारी नवे आकडे येत आणि रोज अंतर घटत जाई. आठवड्याभरात त्या काही शे मतांनी पुढे गेल्या. १५ नोव्हेंबरला कॉनलिन यांनी पराभव मान्य केला. एक लाख ऐंशी हजारांहून अधिक मतांत शेवटचा फरक तीन हजारांच्या थोडा वर होता. स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणारी उमेदवार अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराच्या परिषदेवर निवडून आली होती.

*

मोजणी इतकी का लांबते? वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालानं होतं. मतपत्रिका अडीच-तीन आठवडे आधी घरी येते. ती भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि टपालात किंवा चौकातल्या मतपेटीत टाकायची. पाकिटावर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असला की मत ग्राह्य. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी टाकलेलं पाकीट बुधवारी-गुरुवारी पोचतं. निवडणूक कार्यालयातले कर्मचारी पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहतात. जुळली नाही तर मतदाराला पत्र जातं: सही पुन्हा करून पाठवा, नाहीतर मत धरलं जाणार नाही. २०१३ मध्ये टपालाचं तिकीटही मतदारानंच लावायचं होतं. सिएटल जिच्यात येतं त्या किंग काउंटीनं तो खर्च स्वतःकडे घेतला २०१८ मध्ये.

आता लवकर मत पाठवतं कोण? सहसा स्वतःच्या घरात राहणारा, वयानं मोठा, ज्याच्या टेबलावर मतपत्रिका आठवडाभर निवांत पडून राहू शकते असा माणूस. शेवटच्या दिवशी पाठवतात ते बहुतेक तरुण, भाडेकरू, पाळीत काम करणारे. पहिल्या रात्रीचा आकडा ज्यांना सवड होती त्यांचा असतो, म्हणून त्यावरून शहराचा कौल ठरवू नये.

*

सावंत यांचा जन्म १९७३ मध्ये पुण्यात, तमिळ कुटुंबात, बालपण मुंबईत. तेरा वर्षांच्या असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसामुळे झालेल्या अपघातात वडील गेले. मुंबई विद्यापीठात संगणकशास्त्र शिकल्या, लग्नानंतर अमेरिकेला गेल्या आणि तिथे संगणक सोडून अर्थशास्त्राकडे वळल्या. नॉर्थ कॅरोलायनात पीएचडी केली. इतक्या श्रीमंत देशात इतकी गरिबी का, या प्रश्नानं आपल्याला अर्थशास्त्राकडे नेलं, असं त्यांनी वेळोवेळी सांगितलं आहे. २००६ मध्ये सिएटलला आल्या, कॉलेजात अर्धवेळ शिकवू लागल्या आणि ‘सोशॅलिस्ट ऑल्टरनेटिव्ह’ या छोट्या पक्षात गेल्या. २०१० मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. त्यानंतर तीन वर्षांत त्या परिषदेवर निवडून आल्या.

*

त्याआधीचा २०१२ चा पराभव महत्त्वाचा आहे. राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष फ्रँक चॉप यांच्या विरोधात त्या उभ्या राहिल्या. मतपत्रिकेवर आपल्या पक्षाचं नाव छापून यावं यासाठी कोर्टात गेल्या आणि ते मिळवलं. निवडणूक हरल्या, पण २९ टक्के मतं पडली. समाजवादी हे नाव वाचून लोक बिचकत नाहीत, एवढं त्यातून कळलं. पडलेल्या उमेदवाराचे आकडे कुणी फारसं वाचत नाही. पुढच्या विजयाची पहिली खूण मात्र बहुधा तिथेच सापडते.

*

कॉनलिन वाईट माणूस नव्हते, हे लिहून ठेवायला हवं. पर्यावरणाची कळकळ असलेले, सभ्य, उदारमतवादी नगरसेवक. पण २०११ मध्ये कामगारांना आजारपणाची भरपगारी रजा देणारा ठराव आला तेव्हा नऊपैकी एकटं त्यांचं मत विरोधात पडलं. हॉटेलात ताटं-वाट्या धुणाऱ्या माणसाला ताप आला तर घरी बसता येईल की नाही, हा प्रश्न होता. दोन वर्षांनी तेच मत त्यांच्यापुढे पुन्हा येऊन उभं राहिलं. नगरसेवकाचं काम लोकांच्या इतकं जवळचं असतं की त्याचं एकेक मत शहर लक्षात ठेवू शकतं. त्या मतासाठी त्यांना धारेवर धरणं अगदी योग्य होतं.

*

त्याच दिवशी शेजारच्या सीटॅक या विमानतळाच्या गावात आणखी एक मतदान झालं. विमानतळावर आणि भोवतालच्या हॉटेलांत राबणाऱ्या काही कामगारांना तासाला किमान १५ डॉलर द्यावेत की नाही? फेरमोजणीनंतर प्रस्ताव ७७ मतांनी मंजूर झाला. जेमतेम सहा हजार मतदानात ७७. तिथे कामगार संघटनेच्या लोकांनी घरोघर जाऊन, विमानतळावर राबणाऱ्या स्थलांतरितांची मतदार म्हणून नोंदणी करून घेतली होती.

सावंत यांच्या प्रचाराचा आकडाही हाच, १५. तेव्हा राज्यातलं किमान वेतन ९ डॉलर १९ सेंट होतं. लाल फलकांवरचा हा आकडा आधी अतिरेकी वाटला. प्रचार संपेपर्यंत महापौरपदाचे दोन्ही उमेदवार त्याला अनुकूल बोलू लागले होते. निवडून येण्याआधीच सावंत यांनी शहरातल्या वादाचा विषय बदलला होता.

*

२ जून २०१४ रोजी परिषदेनं १५ डॉलरचा कायदा एकमतानं मंजूर केला. नव्या परिषदेला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. नऊपैकी एक जागा असलेल्या पक्षाला हे कसं जमलं? सभागृहातल्या एका मताच्या जोरावर नाही. सावंत आणि त्यांच्या साथीदारांनी ‘फिफ्टीन नाऊ’ ही संघटना बांधली, वॉर्डावॉर्डांत गट केले आणि जाहीर केलं की परिषदेनं टाळाटाळ केली तर आम्ही सह्या गोळा करून हा विषय थेट मतदारांपुढे नेऊ. सीटॅकचा निकाल ताजा होता. महापौर एड मरे यांनी उद्योजक आणि कामगार संघटनांना एका समितीत बसवलं आणि तडजोड निघाली.

तडजोडच होती ती. मोठ्या कंपन्यांना तीन-चार वर्षं, छोट्या दुकानदारांना सात वर्षांपर्यंत मुदत. सावंत यांनी या मुदतींना सभागृहात विरोध केला, दुरुस्त्या मांडल्या, त्या हरल्या आणि शेवटी कायद्याच्या बाजूनं मत दिलं. मला हा क्रम मोलाचा वाटतो. आधी पूर्ण मागायचं, सभागृहात भांडायचं, आणि मिळेल ते कामगाराच्या हातात पडू द्यायचं.

*

या कायद्याच्या परिणामांवर पंडितांचं एकमत नाही. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी म्हटलं की दर १३ डॉलरपर्यंत चढल्यावर कमी पगाराच्या कामगारांचे कामाचे तास घटले. बर्कलीच्या अभ्यासकांनी हॉटेल-उपाहारगृहांचा हिशेब मांडला: पगार वाढले, नोकऱ्या घटल्या नाहीत. दोन्ही अभ्यास वाचावेत. पण शहर ओसाड पडेल, हॉटेलं बंद होतील अशी जी भाकितं २०१४ मध्ये छातीठोकपणे केली गेली, ती खरी ठरली नाहीत, हेही तितकंच स्पष्टपणे म्हणायला हवं.

*

नगरसेवकाचा वार्षिक पगार तेव्हा एक लाख डॉलरच्या वर होता. सावंत यांनी त्यातून ४० हजार डॉलर स्वतःसाठी घेतले, बाकीचे आंदोलनांच्या निधीत टाकले. सरासरी कामगाराइतकं घ्यायचं, हा पक्षाचा नियम. कुणी याला दिखावा म्हणेल. दहा वर्षं पाळलेला नियम दिखाव्यापेक्षा बराच जास्त असतो.

*

अमेरिकेत शहरी समाजवाद नवा नाही. मिलवॉकी शहरानं १९१० मध्ये एमिल सायडेल यांना महापौर केलं. डॅनिएल होन १९१६ पासून २४ वर्षं महापौर होते. गटारं, नळ, बागा आणि स्वच्छ कारभार ही त्यांची ख्याती. सिएटलमध्येच १९१६ साली ॲना लुईस स्ट्राँग शाळा मंडळावर निवडून आल्या, युद्धविरोधी भूमिकेमुळे दोन वर्षांत त्यांना परत बोलावण्यात आलं. १९१९ च्या फेब्रुवारीत याच शहरात हजारो कामगारांनी सार्वत्रिक संप केला.

सावंत वाढल्या त्या मुंबईलाही ही परंपरा ठाऊक आहे. १९६१ मध्ये महापालिकेत गेलेल्या समाजवादी मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या वस्त्यांच्या पाण्यासाठी इतकी झुंज दिली की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पाणी, भाडं, मजुरी: समाजवाद्याची परीक्षा या गोष्टींवर होते.

*

हरण्याचीही नोंद हवी. मे २०१८ मध्ये परिषदेनं बेघरांच्या निवाऱ्यासाठी मोठ्या कंपन्यांवर दर कामगारामागे २७५ डॉलरचा कर एकमतानं बसवला. ॲमेझॉननं बांधकाम थांबवण्याची भाषा केली आणि महिन्याभरात परिषदेनं तो कर ७ विरुद्ध २ मतांनी मागे घेतला. त्या दोघांत सावंत होत्या. पुढच्या वर्षी परिषदेच्या निवडणुकीत ॲमेझॉननं सुमारे १५ लाख डॉलर ओतले. पहिल्या रात्री सावंत पुन्हा आठ टक्क्यांनी मागे, आणि मोजणी संपताना पुन्हा पुढे. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांच्या गलेलठ्ठ पगारांवरचा नवा कर परिषदेनं मंजूर केला. तो प्रामुख्यानं नगरसेविका टेरेसा मॉस्केडा यांनी पुढे नेला. सावंत आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी त्याआधी काही महिने शहर तापवलं होतं.

*

७ डिसेंबर २०२१. या वेळी सावंत यांना परत बोलावण्यासाठी मतदान होतं. आंदोलकांना रात्री नगर परिषदेच्या इमारतीत प्रवेश दिला, महापौरांच्या घरावरच्या मोर्चात गेल्या, कार्यालयाची साधनं वापरली, असे आरोप होते. मतदान थंडीत, सणांच्या तोंडावर, दुसरं काहीही मतपत्रिकेवर नसताना झालं तर भाडेकरू आणि तरुण मतदार येणार नाहीत, ही भीती होती. म्हणून त्यांच्याच समर्थकांनी विषय नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर यावा यासाठी परत बोलावण्याच्या अर्जावर सह्या गोळा केल्या. मुदत तरीही हुकली. पहिल्या रात्री ५३ टक्के लोक त्यांना काढा म्हणत होते. सगळी पाकिटं उघडल्यावर त्या ३१० मतांनी वाचल्या.

*

२१ फेब्रुवारी २०२३. सिएटलच्या भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द घातला गेला, ६ विरुद्ध १. अमेरिकेतलं असं करणारं हे पहिलं शहर. ठराव सावंत यांचा. आपण ब्राह्मण घरात वाढलो आणि जातीचा जाच जवळून पाहिला, हे त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. त्या दिवशी सभागृहात दोन्ही बाजूंची माणसं दाटीनं बसली होती. कामाच्या ठिकाणी आडनाव विचारलं जातं, घर भाड्यानं देताना खोदून चौकशी होते, असे अनुभव दलित कामगार आणि अभियंते सांगत होते. ठराव मंजूर झाला आणि ‘जय भीम’च्या घोषणा झाल्या.

महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्या प्रत्येकानं या दिवसाचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. आपण परदेशी जाताना जात सोबत नेली, हे एका परक्या नगर परिषदेला नोंदवावं लागलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरांनी ते नाकारलं. सिएटलचा कायदा उभा आहे.

*

एका जागेच्या मर्यादा खऱ्या आहेत. भाडेनियंत्रण हे सावंत यांचं पहिल्या दिवसापासूनचं वचन; पण राज्याच्या १९८१ च्या कायद्यानं शहरांना त्याची बंदीच होती. मग त्या शक्य तिथून गेल्या: घरात शिरताना द्यावयाच्या रकमांवर मर्यादा, हिवाळ्यात घराबाहेर काढायला बंदी, भाडेवाढीची १८० दिवस आधी सूचना, भाडेकरूला वकील. २०२३ अखेर त्या पायउतार झाल्या आणि त्या जागेवर त्यांच्या विचाराचा वारस आला नाही. इतक्या वर्षांत दुसरा-तिसरा नगरसेवक उभा करता आला नाही, हे या पक्षाचं मोठं अपयश. एका खमक्या बाईवर सगळा भार टाकणारी चळवळ दमते.

*

नोव्हेंबर २०२५. बस प्रवाशांची संघटना चालवणाऱ्या, स्वतःला लोकशाहीवादी समाजवादी म्हणवणाऱ्या केटी विल्सन सिएटलच्या महापौरपदाच्या निवडणुकीत पहिल्या रात्री मागे होत्या. शेवटी सुमारे दोन हजार मतांनी जिंकल्या. त्यांचा स्वभाव, संघटना, भाषा सावंत यांच्यापेक्षा वेगळी आहे. उशिरा मत टाकणारे मतदार मात्र बरेचसे त्याच वर्गातले: भाड्यानं राहणारे, बसनं जाणारे.

त्या वर्षी सिएटलमधलं किमान वेतन तासाला २० डॉलर ७६ सेंट होतं. महागाईशी जोडलेलं असल्यानं ते दरवर्षी वाढतं. सावंत परिषदेत नाहीत, त्यांना पाडायला पैसे ओतणारे अजून शहरात आहेत, तरी तो दर कुणाला मागे घेता आलेला नाही. २०१३ च्या त्या मंगळवारी संध्याकाळी तिकीट लावून पाकीट टाकायला गेलेल्या माणसांनी मिळवलेली ही गोष्ट आहे, आणि तेव्हा शहरात नसलेल्या कामगारालाही ती आज मिळते.