शीग

आमच्या घरी लोखंडी कड्यांचे एक जुने मापटे होते, आणि नीतिशास्त्र म्हणून जे काही माझ्या अंगात मुरले ते पोथीपुराणांपेक्षा त्या मापट्यातूनच अधिक आले असावे. शेजारून ज्वारी उसनी आणावयाची झाली म्हणजे आई काठावरून हात फिरवून ती सपाट करून घेई. परत करताना मात्र दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून, दाणे ओघळू लागेपर्यंत, वर शीग लावी. मी सात-आठ वर्षांचा असताना असेच परतीचे मापटे घेऊन निघालो, तो उंबऱ्याला ठेच लागून शीग सांडली. मापटे अजून काठोकाठ होते, म्हणून मी तसाच पुढे चाललो. आईने मागे बोलावले आणि पुन्हा भरून दिले. ती रागावली नाही, आणि त्याचे कारणही तिने कधी सांगितले नाही.

वडील वतनदार कुलकर्णी. ते साधुपुरुष होते असे लिहिण्याचा मोह मी टाळतो. खळ्यावरचा कडबा, हरभऱ्याचे डहाळे, गुळाची ढेप या गोष्टी शिरस्ता म्हणून आमच्या घरी येत आणि तो शिरस्ता आहे की लोभ, असा प्रश्न त्यांना पडल्याचे मला आठवत नाही. परंतु दप्तरात चुकलेले अक्षर ते चाकूने कधी खरवडीत नसत. त्यावर एकच आडवी रेघ मारीत, खालचे अक्षर वाचता येईल अशी, आणि बाजूला सही करीत. 1947 साली ते वारले.

1948 च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली आणि सातारा जिल्ह्यात ब्राह्मणांची घरे जळाली, त्यांत माझ्या मामाचे घर गेले. आमच्या गावी सुदैवाने कोणी फिरकले नाही. मामा बिऱ्हाड घेऊन साताऱ्यास आला, एका दुकानी हिशेब लिहू लागला, आणि स्वतःच्या चार तोंडांची भ्रांत असताना पोरक्या भाच्याला मॅट्रिक होईपर्यंत तीन वर्षे त्या दीड खोलीत त्याने ठेवून घेतले. मामीने दोन भाकरींच्या तीन कशा केल्या हे तिलाच ठाऊक.

1951 साली कुलकर्णी वतने खालसा झाली. वडिलांचे वतन माझ्याकडे यावयाचे ते राहिले आणि पुढे मी पगारी तलाठी झालो. योगायोग असा की ज्या सज्जावर माझी बदली झाली, त्यातच मामाची जमीन होती: 4 एकर 12 गुंठे, आणि ती तोंडी करारावर एका कुळाकडे. कुळकायद्यातील नव्या दुरुस्तीप्रमाणे 1 एप्रिल 1957 रोजी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो तिचा मालक मानला जावयाचा होता, आणि किंमत साऱ्याच्या पटीत, तीही हप्त्यांनी. स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागावयाची, तर कुळाला नोटीस देण्याची मुदत त्याआधीच्या 31 डिसेंबरला संपली. मामाने ती दिली नव्हती. आधीच्या तलाठ्यांनी पीकपाहणीत कधी कुळाचे नाव लावले होते, कधी ‘खुद्द’ लिहिले होते. सबब यंदाच्या नोंदीवर पुष्कळसे अवलंबून होते.

जानेवारीत मामा आला. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाला, “अरे, मी कुठे तुला खोटे रचायला सांगतो आहे? एवढा एकच शब्द लिही. घर गेलं, आता रानही जाऊ दे म्हणतोस?” मी विचारले, “त्या रात्री तो कुळवाडी होता का रे त्यांच्यात?” मामा जरा थांबून म्हणाला, “लावणाऱ्यांत नव्हता. विझवणाऱ्यांतही नव्हता.” तो गेल्यावर आई भांडी आवरताना पाठमोरीच बोलली, “तीन वर्षं त्यानं तुला आपल्या ताटातलं घातलंय.” बस, एवढेच. मापट्यावर शीग लावणारे हात तेच होते, आणि मी कोणाचे देणे कोणत्या मापाने फेडावे, हे मात्र त्या हातांनी मला शिकवले नव्हते.

दोन दिवसांनी पाटील आणि कोतवाल यांना घेऊन मी शिवारात गेलो. शाळू हुरड्यात आला होता. कूळ माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकीत होते, ते उतरून आले. मुंडासे सारखे करीत म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या मामांचं रान. तुमी लिवाल ते खरं.” त्याने कायद्याचा धाक घातला असता, निदान गयावया केली असती, तर मला सोपे गेले असते. बांधावर बसून मी दप्तर मांडीवर घेतले, टाक बुडवला, आणि जमीन करणाऱ्याच्या रकान्यात ‘खु’ हे अक्षर लिहिले. मग हात थांबला. मागाहून लोक त्याला विवेक म्हणाले, धैर्य म्हणाले. मला आठवते ते इतकेच की पाटील शिवाराकडे पाहत होता, पेटीत चाकू होता, आणि तो हाती घेण्याचे माझ्या मनातसुद्धा आले नाही. ‘खु’वर एक आडवी रेघ मारली, पुढे कुळाचे नाव लिहिले, बाजूला सही केली.

तपासणीला आलेल्या सर्कलने त्या रेघेवर बोट ठेवले. “हे काय?”

“चूक झाली होती,” मी म्हणालो.

1 एप्रिल आला तो नव्या पैशांच्या गोंधळात. बाजारात जो तो आण्याचे किती नवे पैसे, यावरून हमरीतुमरीवर आलेला, आणि शिवारात मालक बदलले याची वाच्यता त्या मानाने कमीच. मामाला पुढे किंमत मिळाली, तुटपुंज्या हप्त्यांनी. त्या भाऊबीजेस तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ज्वारीची कणगी उघडली. मापट्यामागून मापटे, प्रत्येकावर शीग लावून, तिने एक पिशवी भरली आणि मला साताऱ्यास पाठवले. मामा वर्तमानपत्र वाचीत बसला होता; त्याने मान वर केली नाही. मामीने पिशवी आत नेली, रिकामी करून आणून दिली, आणि मी चपला घालत असताना म्हणाली, “नीट धर, सांडेल.”

घरी आल्यावर आईने पिशवी चाचपली. तळाशी मूठभर हरभरे होते. मामा काय म्हणाला ते तिने विचारले नाही. हरभरे मापट्यात ओतले, आणि मापटे फळीवर ठेवले.