माझी हरकत मागे घेताना

२०१९ च्या उन्हाळ्यात मी आमच्या कौन्सिलला तीन पानी हरकत पाठवली होती. सरकारदरबारी स्वतःहून लिहिलेला तो माझा पहिलाच कागद. तिचा मसुदा अजून लॅपटॉपमध्ये आहे, आणि आज तो वाचताना कान गरम होतात. इंग्रजी चांगलं आहे, मुद्देही बिनतोड वाटतात. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मी मूळचा पिंपरी-चिंचवडचा. टाटांनी २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यानंतर पुण्याकडून इंग्लंडच्या या मधल्या पट्ट्यात इंजिनियरांची रीघ लागली, तिच्या शेपटाला धरून मीही २०१३ मध्ये आलो. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ब्रेकवर काम करतो. राहतो ब्लॅक कंट्रीच्या कडेला. वुल्व्हरहॅम्प्टन, डडली, सँडवेल आणि वॉल्सॉल मिळून हा ब्लॅक कंट्री. कोळसा आणि ओतशाळांच्या धुराने एके काळी काळवंडलेला, म्हणून हे नाव. कोळसा गेला, लोखंड गेलं, पण इथल्या पोरांच्या नखांतलं ग्रीस काही गेलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी एकटा होतो. शनिवारी संध्याकाळी खोलीत बसवत नसे. एकदा रिटेल पार्कमध्ये दूध आणायला गेलो तर दुकानं बंद झालेल्या पार्किंगमध्ये चाळीसेक गाड्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी. मी लांबून बघत उभा. एका पोराने विचारलं, ‘जवळून बघायचंय?’ त्याने पुढचे ब्रेक दुसऱ्या गाडीचे काढून बसवले होते. मी वाकून पाहिलं आणि सांगितलं, मास्टर सिलेंडर तोच ठेवलास तर पेडल मऊ लागेल. त्याने भुवया उंचावल्या, मग चिप्सचा पुडा पुढे केला. तेव्हापासून माझे शनिवार तिथे. कट्टाच म्हणा ना, फक्त चहाच्या जागी बॉनेट. ज्या देशात सहा महिन्यांत कुणी माझं नाव धड उच्चारलं नव्हतं, तिथे मला ‘ब्रेक्स’ अशी हाक मिळाली होती.

म्हणून कौन्सिलने हरकती-सूचना मागवल्या तेव्हा मी पेटलो. २०१४ च्या एका कायद्याने इथल्या कौन्सिलांना अधिकार आहे की एखाद्या सार्वजनिक जागेत लोकांच्या जगण्याला सतत उपद्रव होत असेल, तर त्या जागेपुरता मनाई आदेश काढायचा. त्याला पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर म्हणतात. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. मोडला तर तेव्हा जागच्या जागी १०० पौंडांपर्यंत दंड होता, कोर्टात गेलं तर १,००० पर्यंत. आमच्या कौन्सिलच्या मसुद्यात शर्यती, चाकं जाळणं, गोल गोल घसरवणं, उगाच इंजिन फुरफुरवणं, भोंगे, मोठ्याने गाणी हे सगळं होतंच. शिवाय एक कलम होतं: अशा जमावात प्रेक्षक म्हणून हजर राहणं.

त्या कलमावर मी दीड पान खर्च केलं. फुटपाथवर उभं राहणं हा गुन्हा कधीपासून झाला? ही तर जमावबंदी. आमच्याकडे दंगलीच्या भीतीने लावतात, इथे म्हाताऱ्यांच्या झोपेसाठी लावताय. (‘म्हाताऱ्यांच्या’ हा शब्द नंतर काढला, पण मनात तोच होता.) बेदरकार गाडी चालवण्याविरुद्ध कायदा आहे. त्रास देणाऱ्या गाडीला ताकीद देऊन ती उचलून नेण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने पोलिसांना दिलेला आहे. सायलेन्सर काढून आवाज वाढवणं आधीच बेकायदा आहे. मग हा नवा बडगा कशाला? लंडनच्या श्रीमंत वस्तीत उन्हाळ्यात लाखो पौंडांच्या गाड्या मिरवतात, त्यांचं कौतुक छापून येतं, आणि आमची पोरं जुन्या हॅचबॅकवर कष्टाचे पैसे लावतात तर ती गुंड. हा शेवटचा टोमणा मला फार आवडला होता. तो चुकीचाही होता. केन्झिंग्टन-चेल्सीच्या कौन्सिलने याच कायद्याखाली त्या महागड्या गाड्यांविरुद्ध आदेश काढला होता. मी शोधायची तसदी घेतली नव्हती.

त्याच जुलैत स्टीव्हनेजला अशाच एका मेळाव्यात दोन गाड्या एकमेकींवर आदळून कडेच्या गर्दीत घुसल्या. डझनाहून जास्त लोक जखमी झाले. माझी हरकत तोवर गेली नव्हती. मी ती थांबवली नाही, उलट एक वाक्य वाढवलं: एका अपवादावरून नियम करू नये.

आदेश निघाला. आमचा कट्टा दोन मैलांवरच्या औद्योगिक वसाहतीत हलला, आणि तिथला रस्ता लांब आणि सरळ होता. रिटेल पार्कात निम्मी संध्याकाळ बॉनेटांखाली जायची. इथे लोक रस्त्याकडे तोंड करून उभे राहू लागले. मी मात्र ऑफिसात सांगत होतो, बघा, बंदीने काही होत नाही, फक्त जागा बदलते.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ओल्डबरीत ए४५७ रस्त्याच्या कडेला शर्यती बघत उभ्या असलेल्या लोकांवर एक गाडी गेली. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, दोघं गेली. माझ्या घरापासून अर्ध्या तासाचा रस्ता.

त्या आठवड्यातलं माझं वागणं सांगायला जड जातं. मी दुःख केलं, पण आधी वकिली केली. म्हटलं, ते आपले लोक नव्हते. आपल्याकडे सगळे मागे उभे राहतात. बायको म्हणाली, ‘किती मागे?’ तिने सहज विचारलं होतं. मला ते लागलं, आणि पुरावा द्यायचा म्हणून मी फोनमधले जुने व्हिडिओ काढले.

२०२१ मधला एक व्हिडिओ, वसाहतीतल्या रस्त्यावरचा. एक निळी गाडी दोन दिव्याच्या खांबांमधून जाते. मी आवाज बंद करून ती फ्रेम-फ्रेम मोजली. तेहतीस फ्रेम, म्हणजे १.१ सेकंद. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो, दोन खांबांमधलं अंतर ३३ मीटर भरलं. सेकंदाला तीस मीटर, ताशी १०८ किलोमीटर, इथल्या भाषेत ६७ मैल. रस्त्याची मर्यादा ३० मैलांची. वेग सव्वादोन पट म्हणजे ऊर्जा पाचपट, हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. इथल्या हायवे कोडच्या हिशेबाने ती गाडी थांबायला सुमारे ९० मीटर लागले असते, तेही रस्ता कोरडा आणि गाडी सरळ असेल तर. घसरून बाजूला आली तर हिशेबच नाही. व्हिडिओत फुटपाथची कड दिसत होती. तिच्यापासून मी दोन फरशांवर उभा होतो.

मग मी आवाज सुरू केला. टायरचा चीत्कार, पोरांचा गलका, आणि त्या सगळ्यावर एक चढा आवाज: भिर्रर्र! ओळखायला क्षणभर लागला. तो मीच होतो. आजोळ मावळात, लहानपणी बैलगाड्याच्या घाटात मामाच्या खांद्यावर बसून शिकलेली ती आरोळी. दुसरा मराठी माणूस नसलेल्या त्या रस्त्यावर, रात्री अकराला, मी एका वीस वर्षांच्या पोराला बैलासारखा हाकत होतो. गाडी परत वळते, आणि व्हिडिओत माझाच आवाज इंग्रजीत म्हणतो, आणखी एकदा.

तो परत फिरला, कारण आम्ही उभे होतो. हे कुठल्याही आकडेमोडीविना मला ठाऊक असायला हवं होतं. रिकाम्या घाटात बैलं कोण पळवतं?

जे कलम मला सर्वांत अन्यायाचं वाटलं होतं, तेच या आदेशाचं मर्म आहे, हे तेव्हा उमगलं. गाडी चालवणाऱ्याला जुन्या कायद्यांनी पकडायचं तर तो नेमका कोण, नेमकं काय केलं, हे सिद्ध करावं लागतं. शंभर लोकांत, अंधारात, निळा दिवा दिसताच मिनिटात पांगणाऱ्या गर्दीत ते जमत नाही. गर्दी हटली तर मात्र तमाशाच उरत नाही. माझ्या ‘कायदे आहेत की’ या मुद्द्यात नेमका मीच मोजलेला नव्हतो.

ब्लॅक कंट्रीच्या चार कौन्सिलांनी तर २०१४ च्या अखेरीस हायकोर्टातून शर्यतींविरुद्ध मनाई हुकूम आणला होता. तो मोडला की कोर्टाचा अवमान, थेट तुरुंगापर्यंत. तो २०२१ च्या सुरुवातीला संपला. नवा अंतरिम हुकूम आला डिसेंबर २०२२ मध्ये, ओल्डबरीनंतर महिन्याभराने, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो पक्का झाला. मधल्या काळात हुकूम असता तर ती दोघं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. पण तो संपला तेव्हा मी एका ग्रुपवर आनंदाने अंगठा टाकला होता, हे लिहून ठेवतो.

आमच्या मागच्या गल्लीत एक सरदारजी राहतात. साठच्या दशकात ओतशाळेत कामाला आले, आता ऐंशीच्या पुढे. वर्षानुवर्षं त्यांच्या घरचे पराठे खाल्ले, पण शनिवारच्या आवाजाबद्दल कधी विचारलं नव्हतं. त्या डिसेंबरात विचारलं. मला वाटलं, झोपेची तक्रार करतील. ते म्हणाले, ‘आवाजाचं काय, भट्टीपाशी कान कधीच गेले. पण नातवंडं आली की बायको त्यांना रस्त्याकडच्या खोलीत झोपू देत नाही. सगळ्यांच्या गाद्या मागच्या खोलीत टाकते.’ एवढं बोलून त्यांनी मला आणखी एक पराठा वाढला.

तीन वर्षं भरल्यामुळे कौन्सिलने आदेश वाढवण्यासाठी पुन्हा सूचना मागवल्या होत्या. या वेळी माझं एक पान झालं. प्रेक्षकांचं कलम ठेवा, असं लिहिलं, आणि का ते खांबांच्या हिशेबासकट लिहिलं. व्हिडिओ जोडला नाही. तेवढं धैर्य नव्हतं.

एक हरकत तरीही उरली. ‘मोठ्याने गाणी’ आणि ‘जमाव’ हे शब्द इतके सैल आहेत की गाडीत बसून चिप्स खाणाऱ्या दोन पोरांनाही १०० पौंडांची पावती फाडता येईल, आणि कुणाच्या हातात पडेल ते पोरांच्या रंगावरून आणि टोपीवरून ठरायला वेळ लागत नाही. त्यावर मी अजून ठाम आहे. शिवाय लिहिलं की बॉनेट उघडून बोलण्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ एखादं पार्किंग द्या, अटी-शर्ती घालून. आमच्याकडे बैलगाडा शर्यतींवर बंदी होती, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, हा दाखला देण्याचा मोह झाला. इथल्या कारकुनाला बैलगाडा समजावायला दुसरं पान लागलं असतं, म्हणून सोडला. आदेश वाढला. पार्किंगबद्दल उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. हे वाक्य पिंपरीच्या महापालिकेतून आलं असतं तरी असंच असतं.

कट्ट्याच्या ग्रुपवर मी स्वतःच सांगितलं की या वेळी मी बाजूने लिहिलंय. दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एकाने लिहिलं, ‘ब्रेक्स म्हातारा झाला,’ आणि मला काढून टाकलं. काढणारा तोच, पहिल्या दिवशी चिप्सचा पुडा पुढे करणारा. आता त्याला दोन मुली आहेत.

तरी त्याचा फोन येतो. गेल्या महिन्यात ब्रेक फ्लुइड बदलल्यावर हवा निघत नव्हती म्हणून आला होता. मी मागच्या डाव्या चाकापासून सुरू करायला लावलं, अर्धा तास लाइनवर राहिलो. पेडल कडक झालं तसा तो खूश झाला आणि म्हणाला, शनिवारी सगळे जमतोय.

‘कुठे?’ मी विचारलं.

‘तुला नाही सांगणार,’ तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्याने फोन ठेवला.